डाव्या कानाखालची गाठ

ब्रेस्लाऊ या जर्मन शहरात १९३८च्या शरदात झीगबर्ट लाखमानच्या दारावरची पाटी उतरली. ज्यू माणसाने स्वतःला डॉक्टर म्हणवायचं नाही, आपल्या लोकांखेरीज कुणाला हात लावायचा नाही, असा कायदा आला. मेटाने नवऱ्याची हत्यारं उकळून, पुसून कपाटात ठेवून दिली. कायदा मोडला तर थेट तुरुंग होता, म्हणून बाहेरच्या कुणाला हात लावू नका, असं ती त्याला रोज विनवायची.

रविवारी दुपारी खालच्या मजल्यावरची फ्राऊ क्लोझे धापा टाकत वर आली. तिच्या हानोला घटसर्प झाला होता, बोलावलेला डॉक्टर अजून पोचला नव्हता आणि पोर निळं पडत चाललं होतं. मेटा दारात आडवी उभी राहिली. झीगबर्टने तिला हलकेच बाजूला केलं आणि स्वतःच कपाट उघडलं.

क्लोझेबाईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने पोराच्या गळ्याला छेद दिला, नळी बसवली, तिची फीत मानेभोवती घेऊन डाव्या कानाखाली बांधली. हानोने श्वास घेतला. रस्त्याने जाणारा कुणी अनोळखी डॉक्टर धावून आला, असं क्लोझेबाईने इस्पितळात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वेर्नर हाल्म आला. झीगबर्टचा लाडका विद्यार्थी. मेटाच्या हातचा खसखशीचा केक दर रविवारी मागून खायचा. आता इस्पितळात झीगबर्टच्याच खुर्चीत बसत होता. इथे मात्र बस म्हटलं तरी बसला नाही.

"सगळे मागे बांधतात," तो झीगबर्टला म्हणाला. "डाव्या कानाखाली आपण दोघंच बांधतो, हे इस्पितळात सगळ्यांना ठाऊक आहे. ही गाठ माझी का, म्हणून पोलिसांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं."

"हो म्हणायला काय झालं होतं रे तुला?" मेटाने विचारलं.

"उद्या खरं बाहेर आलं असतं तर? मला पोरंबाळं आहेत, फ्राऊ लाखमान."

"आम्हीही एक पोर पोसलं होतं. याच टेबलाशी."

झीगबर्टने त्या बोलण्यात लक्षच घातलं नाही. हानोची नळी कधी काढणार, एवढंच त्याने विचारलं. उद्या, असं हाल्म म्हणाला.

"घाई करू नकोस. सूज उतरू दे."

हाल्म मान डोलावून खाली गेला. जिन्यात जड बुटांचे आवाज वर येत होते. ते थांबले. लाखमान कुठे राहतो, असं कुणीतरी विचारलं आणि हाल्मने मजला सांगितला. ते मेटाला स्पष्ट ऐकू आलं.

ती नवऱ्याचे लोकरी मोजे शोधू लागली.