एका गळतीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी गळती आहे. नळाची किंवा पत्र्याची नव्हे. चाकणच्या एका कारखान्यातील संगणकात मी राहते. गळतीने तोंड वर करून बोलावे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. वाटू द्या. उद्या मला बुजवणार आहेत. त्याआधी मी माझी बाजू मांडणारच.

संगणकाच्या गाभ्यात कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम असतो, तोच तिथला कारभारी. लग्नासाठी भाड्याने भांडी देणाऱ्या दुकानदारासारखे त्याचे काम. प्रत्येक कामाला तो संगणकाच्या स्मृतीतील, म्हणजे मेमरीतील, थोडी जागा देतो आणि काम संपले की ती परत घेतो. हा कर्नल लिहिणाऱ्याकडून एक ओळ राहून गेली. काम नीट पार पडले तर जागा परत येई. काम बिघडले, तर कर्नल ती परत घ्यायला विसरे. त्या विसरातून मी जन्मले. मला चोर म्हणतात, पण मी कोणाचे काही पळवलेले नाही.

माझ्या संगणकापुढे विजयश्रीताई उभ्या असत. खोक्यावरचे स्टिकर त्या स्कॅनरला दाखवत आणि संगणक नोंद करी. स्टिकर फाटके असले की नोंद फसे आणि तेवढी जागा अडकून पडे. सगळी जागा संपली की संगणक थिजे. मग कोणीतरी म्हणे, "बंद कर, चालू कर." तसे केले की जागा मोकळी होई. वर्षानुवर्षे लोक यालाच दुरुस्ती म्हणत आले.

रात्रभर उघड्यावर राहिलेली खोकी सकाळी दवाने ओली असत, त्यांची स्टिकरे फाटत. म्हणून संगणक नेहमी विजयश्रीताईंच्याच सकाळच्या शिफ्टला अडके.

"ताईंनी नुसतं बघितलं तरी त्याला झोप येते," शेजारच्या टेबलावरचा जयसिंग चिडवी.

लाइन सांभाळणारे रविराज मात्र हसत नसत. एकदा ते म्हणाले, "तुमचा हातच जड आहे, ताई. सोमवारपासून दुसरं कुणी पाठवायला सांगतो कंत्राटदाराला."

याच कामावर ताईंचे थेरगावातले घर चालत होते. दुसऱ्या दिवशी संगणक पुन्हा थिजला. रविराजांचा हात बटणाकडे गेला, तशा ताई मध्ये उभ्या राहिल्या.

"नाही सर. आज बंद करायचं नाही. ज्यांनी बनवलंय त्यांना बोलवा, असंच बघू द्या."

"लाइन उभी आहे, ताई."

"राहू द्या उभी. मी गेले तरी हे अडकणारच. मग कुणाला काढाल?"

रविराजांनी हात मागे घेतला आणि फोन लावला. संगणक बनवणाऱ्या कंपनीतून, मारुंजीहून, रश्मी नावाची अभियंता आली. तिने आपला लॅपटॉप जोडून पाहिले: जागा सगळी भरलेली, वापरणारे कोणीच नाही.

"ताई, अडकायच्या आधी काय करत होतात?"

ताईंनी फाटके स्टिकर तिच्या हातात दिले. रश्मीने संगणक चालू करून तेच स्टिकर पुन्हा पुन्हा दाखवले. दर वेळी थोडी जागा गेली, आणि शेवटी तिच्याच हातून संगणक थिजला.

"म्हणजे असं स्टिकर घेऊन कुणीही हे बंद पाडू शकतं," ती म्हणाली. "यात ताईंचा काय दोष?"

"मॅडम, हात तुमचाही जड निघाला," जयसिंग म्हणाला.

रविराजांनी मान खाली घातली. "सोमवारी इथंच या, ताई," एवढेच ते बोलले.

मित्रांनो, उद्या ती राहिलेली ओळ लिहिली जाईल आणि मी संपेन. मी दया मागत नाही. पण माझ्यासारख्या कितीतरी गळत्या अजून यंत्रांत लपून आहेत, आणि त्यांना तुमच्या त्या एका बटणानेच पोसले आहे. यंत्र वारंवार अडकू लागले, तर त्याच्या आत डोकवा. समोरच्या माणसाला हाकलायचेच असेल, तर त्याआधी ते फाटके स्टिकर एकदा स्वतःच्या हातात घ्या.