बुरकुंडांवर पाणी

मी एक जुना गॅसिफायर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. शेतातला टाकाऊ कचरा पोटात घ्यायचा, बेताच्या हवेत अर्धवट जाळायचा आणि त्यातून स्वच्छ जळणारा वायू काढून द्यायचा, एवढंच माझं काम होतं. आता मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे गंजत उभा आहे.

एका वेल्डरने मला घडवलं. दोन जुनी पिंपं, एक जाळी, वायू गाळायला लाकडाच्या भुशाची पेटी आणि तो स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत न्यायला नळ्या. सगळे हसले, "हे डबडं काय चूल पेटवणार?" भिंतीपलीकडे आक्का दीडशे मुलांचा स्वयंपाक लाकडांवर करत होत्या. वीस वर्षं धूर खाऊन त्यांची छाती पोखरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर थांबला नाही तर तुम्ही काही फार दिवस काढणार नाही. पण काम सोडावं तर घर चालेना.

मला चालवायची त्यांची सून. मोठी खमकी बाई! दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं ती आठ-आठ दिवस वाळवायची, मग ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली काढायची आणि मोडून बघायची. कट्‌कन मोडली तरच माझ्या तोंडी. नाहीतर "चला, परत उन्हात!" बुरकुंडांवरसुद्धा खेकसायची. पण पलीकडे ज्योत कशी निळीशार! दोन महिन्यांत आक्कांचा खोकला कमी झाला. एकदा तर त्या काम करता करता चक्क गुणगुणल्या. सून हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिली. मला अगदी भरून आलं.

माझी कीर्ती झाली आणि तिथेच घात झाला. मला बघायला पाहुणे येणार होते. अधीक्षकांनी मला हिरवा रंग दिला. ढिगाची धूळ पाहुण्यांच्या कपड्यांवर उडेल म्हणून त्यांनी सकाळी त्यावर पाण्याची नळी धरली. सून तेव्हा भुसा आणायला गेली होती. ती येईपर्यंत ऊन चढलं, ढीग वरून सुकला. आत मात्र चिंब. पाहुणे दारात, अधीक्षकांची घाई. तिने त्या दिवशी वरचीच दोन मोडून पाहिली आणि माझं पोट भरलं.

ओलं पोटात गेलं की माझी आग मंदावते आणि वायूबरोबर डांबर सुटतं. नळ्या तुंबल्या. ज्योत पिवळी पडली, विझली, स्वयंपाकघरात धूर कोंडला आणि पाहुणे डोळे चोळत बाहेर पळाले.

"अहो, ढीग भिजवला कुणी?" सून ओरडली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," अधीक्षक म्हणाले. "बंद करा हे डबडं."

"साहेब, नळ्या मी खरवडून काढते. दोन दिवस द्या. आईंच्या छातीकडे तरी बघा."

"इतकी वर्षं लाकडांवर भागलंच ना?"

मी सगळं ऐकत होतो. कुणी भिजवलं ते मला ठाऊक होतं, पण सांगू कसा? त्या संध्याकाळी लाकडं आली. दुसऱ्या दिवशी सुनेने आक्कांना घरी बसवलं आणि स्वतः चुलीपुढे उभी राहिली.

मित्रांनो, यंत्राला नावं ठेवण्याआधी आपण त्याला काय भरवलं ते बघा. माझ्या नळ्या अजून तुंबलेल्याच आहेत. त्या साफ करायला दोनच दिवस लागतात हो. कुणीतरी अधीक्षकांना सांगा. कालपासून भिंतीपलीकडे सून खोकते आहे.