बांधलेला डावा हात

सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या घराचा फोटो टाकण्याआधी समोरच्या विंगमधल्या सुनीताताईंनी एकदा माझ्या सासऱ्यांचा उजवा हात हातात धरून बघायचा होता. पण नाही. आपल्या गॅलरीतून फोटो काढला, खाली लिहिलं, ‘शिकलेल्या सुना म्हाताऱ्यांना हात बांधून ठेवतात,’ आणि बावीस जणांनी त्यावर रडके चेहरे चिकटवले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय यांचं?

हो, बांधते मी हात. डावा, धडधाकट असलेला. रोज तीन तास.

माझे सासरे बुधाजी जन्मभर उरणच्या समुद्रात मासेमारी करत आले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. ‘हाय’ आणि ‘नाय’, एवढे दोनच शब्द उरले. आम्ही त्यांना इकडे खांदा कॉलनीत आणलं, आणि सगळ्यांनी मिळून त्यांचं इतकं केलं की विचारू नका. कुणी भरवतंय, कुणी तोंड पुसतंय. राहिलेलं डाव्या हातानं भागायचं. उजवा नुसता मांडीवर पडून.

फिजिओथेरपीच्या रेवा मॅडमनी आम्हाला पहिल्याच दिवशी झापलं. म्हणाल्या, “मेंदूत दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते. निरोप ती फट ओलांडून पुढे जातो. तोच निरोप रोज गेला की तिथला जोड पक्का होतो, नवे जोडही फुटतात. शिकणं म्हणजे तेच, वर्षानुवर्षं लक्षात राहणं म्हणजेही तेच. निरोप गेलाच नाही, तर जोड सुकतो. बाबांनी साठ वर्षं जाळ्याला घातलेल्या गाठी डोक्यात शाबूत असतील. हातापर्यंतची वाट तुटलीय. आता शेजारच्या पेशींनी नवी वाट धरायची, आणि डावा मोकळा असला तर त्या कशाला कष्ट घेतील?” पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं पुढे सहज येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणून डाव्या पंजाला ओव्हनचा जाड हातमोजा आणि मनगटावर नाडी. बांधायच्या आधी मी रोज विचारायचे, “बाबा, बांधू?” ते म्हणायचे, “हाय.” मग खुर्चीच्या दांड्याला दोरी अडकवून द्यायची आणि जाळ्याची गाठ मारायला सांगायचं. सतरा दिवस गाठ अर्ध्यात सुटत होती. पण सतराव्या दिवशी बोटांनी दोरीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. फोटो त्याच दिवशीचा, आणि ते त्यात कुणाला दिसलं नाही.

अठराव्या दिवशी, ऐन जेवायच्या वेळी, कृष्णाबाई आत्या उरणहून येऊन दारात उभी राहिली. बाबांची थोरली बहीण. फोटो तिच्यापर्यंत पोचला होता.

“दुखणं उजव्या हाताला नि बांदलाय डावा?” तिनं चप्पल काढायच्या आधी नाडी सोडली. मोजा ओढून टेबलावर टाकला. “मी नेतंय माज्या भावाला. आमी भरवू त्याला, काय कमी नाय आमच्याकडं.”

मी प्रणितकडे, माझ्या नवऱ्याकडे बघितलं. रेवा मॅडम बोलत होत्या तेव्हा मान डोलवत समोर बसला होता हा. आता म्हणतो, “नेऊ दे गं, प्रांजल. लोक काय काय बोलतायत. दोन-तीन महिने त्यांनाही आराम पडेल.”

माझं डोकंच फिरलं. “आराम? तोवर सहा महिने संपतील. मग तो हात कायमचा गेला म्हणून समज. आणि तुमच्यापैकी एकानं तरी त्यांना विचारलंय का? दोन शब्द आहेत त्यांच्याकडे, तेवढे पुरतात.”

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि बाबांच्या तोंडाशी नेला.

“नाय,” बाबा म्हणाले.

“खा रं बुधा.”

“नाय.”

त्यांनी टेबलावरचा मोजा पुढे ओढला आणि डावा हात स्वतःच त्यात घातला. नाडीचं एक टोक दातात धरलं. दुसरं उजव्या बोटांत घ्यायला लागले. सुटलं. परत घेतलं. परत सुटलं. कालवण गार झालं. आत्याचा हात मदतीला पुढे आला तेव्हा मी म्हटलं, “हात लावायचा नाही.” मोठ्या माणसाशी असं बोलू नये, मला माहीत आहे. बोलले.

बाबांच्या कपाळावर घाम आला होता. अंगठा वाकला, नाडी फिरली, टोक आतून बाहेर आलं. त्यांनी मान मागे घेऊन दातानं गाठ आवळली.

आत्यानं ती गाठ चिमटीत धरून ओढून बघितली. मग दुसऱ्या बाजूनं ओढली.

“सुटत नाय,” ती हळूच म्हणाली. “आमच्या बापाची गाठ हाय ही. आमा दोगांना एकाच दिवशी शिकवलेली.”

तिनं हातातला तुकडा ताटात ठेवला. ताट भावाच्या उजव्या हाताशी सरकवलं, आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली.