एका पंक्तीचं दूध

पिंपळझरीच्या शाळेत रोज सकाळी मैनाबाई चुलीवर पाणी ठेवी आणि परदेशी डब्यातली दुधाची भुकटी त्यात घोटून घोटून कालवी. मैनाबाई माळ्याच्या घरातली विधवा. गावाबाहेर तिचा वांग्यांचा मळा होता, मळ्यात स्वतःची विहीर होती.

ही भुकटी आली एका करारानं. दिल्लीनं परदेशातल्या एका संस्थेबरोबर सही केली होती. दूध त्यांचं, चूल, सरपण, छप्पर आणि स्वयंपाकीण आपली, आणि अट अशी की सगळी पोरं एकाच पंक्तीत बसली पाहिजेत. आपला वाटा उभा करायला पैसा कुठून काढला, ठाऊक आहे? त्या साली महारवाड्यातल्या विहिरीसाठी मंजूर झाला होता, तोच इकडे वळवला. बरं, ज्यांची विहीर गेली त्यांच्या पोरांच्या तोंडी निदान दूध तरी नीट पडावं! तेही नाही. ती पाच पोरं छपराबाहेर उन्हात बसत आणि मैनाबाई त्यांच्या पेल्यांत हातभर उंचीवरून दूध ओती. अर्धं मातीत जाई. तिनं त्याचा कधी विचार केला नव्हता. आपण तरी कुठे केला?

सन एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात अमरावतीहून साहेब फोटो काढायला आले. शाळा कमिटीचे अध्यक्ष खुशालराव यांनी त्या दिवशी झाडून सगळ्यांना एका ओळीत बसवलं. महारवाड्यातली आठ वर्षांची गोदा पहिल्यांदाच सावलीत बसली. मैनाबाईनं ओगराळं तिच्या पेल्याला टेकवलं. थेंबही सांडला नाही, आणि आभाळही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोदा आपली त्याच जागी येऊन बसली. खुशालरावांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पेला लाथेनं उडवला. पोर रडली नाही, पेला शोधत उन्हात गेली. ते मैनाबाईच्या काळजाला लागलं.

महिनाअखेरीस हेडमास्तर केशवरावांनी तिच्यापुढे अंगठ्यासाठी कागद ठेवला. काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. सर्व मुलांना रोज एका पंक्तीत दूध दिलं, असं लिहिलं होतं.

"मले वाचता नाई येत मास्तर, पन दिसते तं," ती म्हणाली. "एक दिस देलं एका पंक्तीत. बाकीचे दिस म्याच वरून वतलं. या खोट्यावर आंगठा नाई देत मी."

कामावरून काढलं, तरी तिनं अंगठा दिला नाही. कागद तसाच अमरावतीला गेला, चौकशी झाली, अट मोडली असा शेरा पडला. खुशालरावांच्या केसालाही धक्का लागला नाही. डबे तेवढे बंद झाले आणि सगळ्याच पोरांचं दूध गेलं. विहिरीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्या छपराखाली आता खुशालरावांचा कापूस पडलाय.

एके दुपारी गोदा तो चेपलेला पेला घेऊन मळ्यात आली. लांबच उभी राहिली.

"बाई, तुमी आंगठा देला असता तं अर्धं तरी भेटलं असतं नं?"

मैनाबाईनं पोरीला हाताला धरून विहिरीवर नेलं आणि दोर तिच्या हातात दिला.

"वढ. अन् तुह्या मायले सांग, उद्यापासून पानी इथूनच न्या म्हना."

पुढच्या बाजारात विटाळलेल्या विहिरीची वांगी म्हणून कुणी तिच्या पाटीला हात लावला नाही. संध्याकाळी भरली पाटी डोक्यावर घेऊन ती परत गेली. वाचकहो, त्या बाजारात आपण सगळे होतो.