उमरोळीला बसणारी गाडी

खंडेराव मिस्त्री सकाळी गॅरेज उघडायचा तोच कंटाळलेला. बोईसरला माणूस थकवा झोपेतून सोबतच घेऊन उठतो, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी सोलापूरकडून आला, कंपनीत यंत्रं दुरुस्त केली, कंपनी बंद पडल्यावर सालवडच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि गाड्या मात्र दरवर्षी नवी थेरं शिकून येत होत्या. इंजिनाचा त्रास काय कमी होता, म्हणून त्याच्या शेजारी विजेची मोटर बसवली!

त्या दिवशी चिंचणीहून आलेली गाडी असलीच, अर्धी पेट्रोलची, अर्धी विजेची. चालवत होते पुंडलिककाका. जन्मभर मासेमारी केली, आता बोट विकून घरी बसलेले. जावयाने नवी गाडी घेतली आणि ही सासऱ्याच्या गळ्यात मारली होती. मागच्या सीटवर त्यांची बायको नवसी आडवी पडलेली, तोंड सुजलेलं, पाय चपलांत मावत नव्हते.

"उमरोली आली का गरम होते न् बसते," काका म्हणाले. "एक मिस्त्री बोलला, मोटर गेली, बदला."

"आणि जायचं कुठं असतं?"

"पालघरला. हिच्या किडनीसाठी, मशीनवर."

नवसी कोपरावर उठून बसली. चार शब्द बोलायलाही तिला दम लागत होता. "दोन खेपा चुकल्या. आज दुपारी नंबर हाय. आज चुकली तर खरं नाय, डॉक्टर बोललाय. रिक्षात मला बसवत नाय. मिस्त्री, करा कायतरी."

दुपारपर्यंत मोटर बदलणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. खंडेरावने तिला शेडमधल्या बाकड्यावर निजवलं, तपासायचं यंत्र गाडीला जोडलं आणि काकांना शेजारी बसवून उमरोळीचा रस्ता धरला. इंजिनाच्या तापमानाचा आकडा ठीक होता. मोटरचा मात्र चढत होता, चढतच होता. वेग वाढवला, वारा लागला, तरी खाली यायचं नाव नाही. पुढे गवताचा ट्रक चालला होता आणि त्याचा भुसा काचेवर उडत होता. धोक्याचा दिवा लागायच्या आत त्याने गाडी वळवली.

परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलं. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी वेगळी असते, तिच्यात डोकावला. पाणी फिरत होतं, पंपही गुणगुणत होता. म्हणजे पाणी जात होतं, पण निवून येत नव्हतं. मग त्याने पंखा चालू केला आणि पेपरचा तुकडा गाडीच्या तोंडाशी धरला. वरच्या बाजूला कागद घट्ट चिकटला. खाली, जिथे मोटरचा छोटा रेडिएटर असतो, तिथे धरला तर जमिनीवर पडला. वारा आत शिरतच नव्हता.

गुडघ्यांना चार शिव्या घालत खंडेराव खाली वाकला. बंपरमागचं झाकण काढलं आणि बघतच राहिला. बारीक भोकांची मासेमारीची जाळी, दुहेरी घडी करून नीटस गाठींनी बांधलेली. तिच्यावर गवताचा भुसा आणि चिखल गोधडीसारखा बसला होता.

"ही कुणी बांधली?" त्याला हसू आलं. दिवसातलं पहिलंच.

"मीच. भुसा आत जाऊ नये म्हनून. बोटीच्या इंजिनाला जिथून पानी घेतात, तिथं आमी अशीच जाली बांधतो."

"आणि बोटीवरची धुवायचात कधी?"

"रोज सांजंला. नाय धुतली तर इंजिन जलंल," काका सवयीने बोलून गेले.

खंडेरावचं हसू मावळलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

काकांनी बाकड्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पयल्यांदा बंद पडली तवा नव्हतं ठाव. घरी परत गेलो. त्या दिशी सुया नाय, उलट्या नाय. शेजारनीसंगं बसून हसली. दुसऱ्या दिशी वाकून बघितलं, ध्यानात आलं. पन हात गेला नाय धुवायला. दर खेपेला रडते ती, मिस्त्री. मला चल बोलवत नाय, नको जाव असंबी बोलवत नाय. म्हनून गाडीवर सोडलं."

खंडेरावला राग आला. चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं. पण थकलेल्या माणसाला थकलेला माणूस ओळखू येतो. त्याने मुकाट्याने गाठी कापल्या, जाळी काढली, रेडिएटर पाण्याच्या फवाऱ्याने धुतला आणि एकटाच पुन्हा फेरी मारून आला. मोटरचा आकडा जिथे असावा तिथेच राहिला.

तो परतला तेव्हा नवसी खांबाला धरून उभी होती. "काय झालेलं?"

"कचरा अडकला होता, काकी."

ती जमिनीवर पडलेल्या जाळीकडे बघत राहिली. वाकणं जमत नव्हतं, म्हणून तिने ती पायाने सरळ केली. गाठी पाहिल्या. मग नवऱ्याकडे वळली. "बोटीची जाली धुवायला एक दीस चुकला नायस तू."

काकांनी मान वर केली नाही. "तू रडायचीस," एवढंच म्हणाले.

"रडायची. रडून झालं का गाडीत बसायचीच नं मी? मला जगायचंय रं. एकदा ईचारायचं तरी व्हतंस."

काकांनी चावीसाठी हात पुढे केला, तशी नवसी म्हणाली, "मिस्त्री, तुमी चालवा. आज ह्याच्या हातात नको."

काकांचा हात तसाच राहिला. "मग मी?"

"तू मागं बस. माजं डोकं मांडीवर घे."

खंडेरावने हात पुसले, शेडचं दार ओढून घेतलं आणि गाडी पालघरच्या रस्त्याला लावली.