बालगृहातला हिरवा चुडा

आमच्या बालगृहाला दर पाच-सात वर्षांनी नवा पुळका येतो. नवी मुख्य सिस्टर आली की आधीच्या बाईंचं सगळंच चुकलेलं असतं. सांगलीजवळच्या या बालगृहात मी तान्ही असताना आले, आता चाळिशीत इथंच स्वयंपाक करते. त्यामुळे सगळ्यांचे पुळके माझ्या अंगावरून गेलेत.

माझ्या वेळी परदेशी मदर होत्या. त्यांना आत्मे वाचवायचे होते. मूल आलं की बाप्तिस्मा, आणि मुलीला सोळावं लागलं की पाहुण्यांच्या खोलीत पाचजणी ओळीनं उभ्या करायच्या. ख्रिस्ती नवरामुलगा यायचा आणि एकीकडे बोट दाखवायचा. माझ्याकडे दाखवलं ते लोणंदच्या रेल्वेतल्या एका खलाशानं. दोन वर्षं त्याचा मार खाऊन परत आले, तेव्हा मदर म्हणाल्या, "राही, स्वयंपाकघरात जागा आहे." झालं, तेवढीच विचारपूस. पुढे कोयनेचा भूकंप झाला, मग बहात्तरचा दुष्काळ. व्हरांडेसुद्धा मुलांनी भरले आणि बाप्तिस्म्याचं कोणी नाव काढेना. पोरं जगवली तरी पुष्कळ, असे ते दिवस होते.

बनू भूकंपातली. आईबाप ढिगाऱ्याखाली गेले आणि ही चार वर्षांची पोर कोयनानगरकडून ट्रकमधून आली. सहा महिने माझा पदर मुठीत धरून झोपायची. तिला मी वाढवलं. कोणाला आवडो न आवडो, मी असंच म्हणणार.

आणि आता, शहात्तर साली, मंगळूरच्या सिस्टर फिलोमिना. त्यांचा एकच घोष, "मूल घरात वाढलं पाहिजे, संस्थेत नाही." नातेवाईक शोधा, मुलं परत द्या, रिकाम्या खोल्यांत बालवाडी आणि शिवणवर्ग काढा. ऐकायला गोड आहे हो. पण ज्यांनी नऊ वर्षांत साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, त्यांच्या घराला घर म्हणायचं का?

सिस्टरांच्या पत्राला बनूच्या मामानं उत्तर धाडलं. लालासाहेब त्याचं नाव, पाटणकडचा. सोमवारी सकाळी तो बायकोला आणि एका कासाराला घेऊनच आला. मी भाकरी टाकून धावले. पाहुण्यांच्या खोलीत बनू हिरवं लुगडं मांडीवर घेऊन बसलेली, आणि कासार तिच्या मनगटात हिरव्यागार बांगड्या चढवत होता. सिस्टर कौतुकानं बघत होत्या.

"सिस्टर, हा लग्नाचा चुडा आहे," मी म्हणाले. "पोर तेरा वर्षांची आहे. हा तिला उजवायला नेतोय."

सिस्टरांनी मामाला विचारलं. तो हसला. भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला हात लावून म्हणाला, "देवाशपथ सांगतो, लगीन न्हाई की काय न्हाई. भाची हाय माझी. लेकीगत संबाळीन."

सिस्टरांना तेवढं पुरलं. ज्या देवाला आपण मानत नाही, त्याची शपथ घ्यायला माणसाचं काय जातं? माझ्या डोक्यात सणक गेली.

मी बनूला दाराशी ओढलं. "नऊ वर्षं ह्यो कुठं मेला हुता, इचार की!"

बनूनं हात सोडवून घेतला. "उशिरा का हुईना, माझा मामा आला. तुला कोण आलं गं न्ह्यायला?"

पोरीचं बोलणं काळजात गेलं. पण हात थांबले नाहीत. मी तिची दोन्ही मनगटं धरली आणि दगडी उंबऱ्यावर आपटली. एकदा नाही, दोनदा. काचा सगळ्या खोलीभर उडाल्या.

मामी किंचाळली, "आगं बया! बोहल्यावर चढायच्या आधीच रंडकी केली पोरीला!"

मामाचा चेहरा पांढरा पडला होता. तो सिस्टरांना विसरूनच गेला. "आकाराम फौजेत हाय," तो बायकोवर ओरडला. "चुडा फुटलेली पोरगी त्याची आय सून म्हणून दारात तरी उभी करंल का? चल, उठ! जाऊ दे ही अवदसा!" लुगडं मात्र त्यानं आठवणीनं काखेत मारलं. भाचीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

हे मी जाणूनबुजून केलं. मी चर्चला जाते, चुड्याबिड्याला मानत नाही. तो मानतो, आणि मला तेवढं पुरलं. फाटकाची कडी वाजली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटायला हवी होती.

सिस्टर खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, ते तिचं घर आहे." त्यांच्याशी बोलायला मला वेळ नव्हता.

बनूच्या मनगटातून रक्त येत होतं. स्वयंपाकघरात नेऊन मी हळद भरली, चिंधी बांधायला घेतली. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आता मला न्ह्यायला कोण बी येणार न्हाई," ती म्हणाली. "व्हय ना?"

खोटं बोलणारे त्या सकाळी पुष्कळ होऊन गेले होते.

"न्हाई," मी म्हणाले. "कोण बी येणार न्हाई."

तिनं हात काढून घेतला आणि उरलेली गाठ दातांनी स्वतःच मारली.