पडद्याआडची दासी

कागद इतका पातळ की बोटांच्या मध्ये तो आहे की नाही हेच कळत नव्हतं… नानांनी तो खिडकीकडे धरला, आणि पलीकडचं ओलं अंगण, कचऱ्याचे दोन डबे, समोरच्या बंगलीची विटकरी भिंत असं सगळं दुधात बुडवल्यासारखं झालं. आणि त्या दुधात, बरोबर मधोमध, एक तांबूस करडी सावली – खांदा, मान, केसांचा अंबाडा. चित्रातली शाई शंभराहून जास्त वर्षं या कागदाला टेकून बसली होती. उशीला डोक्याचं तेल लागतं तसं चित्र कागदाला लागलं होतं. उलटं, अर्थातच, आरशातल्यासारखं. चित्रातली दासी डावीकडे तोंड करून पडद्याआड उभी आहे, म्हणून कागदावरची उजवीकडे. इथपर्यंत ठीक. पण कागदावरच्या दासीची हनुवटी जरा वर उचललेली होती. आणि खाली, टेबलावर उघड्या पडलेल्या पुस्तकात, जाड गुळगुळीत पानावर, ती मान खाली घालून ऐकत होती.

की मलाच तसं वाटतंय?

नानांनी कागद चित्रावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. पुस्तक म्हणजे एका जुन्या इंग्रजी सुखांतिकेची पहिल्या महायुद्धाच्या आधीची सचित्र आवृत्ती; प्रत्येक रंगीत चित्रावर असा एक पारदर्शक कागद. मिरजेला एका वृद्ध डॉक्टरांची पुस्तकं निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली होती. अशा आवृत्त्या जमवण्यात त्यांचं आयुष्य गेलं – सांगलीच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून पगार घेतला तो वेगळा. प्रत्यक्ष नाटकं त्यांनी फार थोडी पाहिली. नाट्यगृहात शेजाऱ्याचा हात खुर्चीच्या हातावर असला की आपला कुठे ठेवावा हेच ठरत नसे, आणि मध्यंतरात ओळखीचं कुणी भेटलं तर नाटक कसं वाटतंय हे सांगावं लागे. पुस्तकातल्या चित्राला काही सांगावं लागत नाही. पडद्याआडची दासी तर बाहेरचं ऐकण्यात इतकी गुंतलेली की आपल्याकडे कुणी पाहतंय याचा तिला पत्ता नाही. म्हणूनच ती त्यांना आवडायची. पत्नी, नंदिनी, गेली आणि मुलाने, गिरीशने, त्यांना इकडे आयर्लंडला, पोर्टलीशला आणलं, तेव्हा कपड्यांची एक बॅग मागे ठेवून त्यांनी ही पुस्तकं आणली होती.

आता त्यातल्या एका चित्राची ओळख पटत नव्हती.

शिवण सैल झाली होती हे खरं. सुनेच्या ते आधी लक्षात आलं. "नाना, हे द्या माझ्याकडे," केतकी म्हणाली होती. "डब्लिनला एक बाइंडर आहे, तो, इथल्या बोलीत युअर मॅन, म्हणजे जादूगार आहे म्हणे. मी ऑफिसला जाईन तेव्हा देऊन येते. तुमच्या वाढदिवसाचं समजा." आणि देण्याआधी तिने फोनवर सगळ्या चित्रांचे फोटो काढून ठेवले – हरवलं-बिरवलं तर असावेत म्हणून. तेव्हा नानांना तिचं कौतुक वाटलं होतं. पुस्तक परत आलं ते घट्ट, ताठ, इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखं. पण त्याला वास नव्हता. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची नंदिनीची पद्धत. तो वास इतक्या वर्षांत पानांत मुरला होता, आणि तो गेला होता. आणि चित्राचं पान… पांढरं नाही म्हणता येणार, पण पिवळेपणात काहीतरी कमी. बाइंडरने पान धुतलं असेल. चांगला बाइंडर विचारल्याशिवाय धुणार नाही. वाईट बाइंडर धुवेल. चोर धुणार नाही, तो बदलेल – चांगल्या फोटोवरून हल्ली इतकी हुबेहूब प्रत निघते. आणि फोटो कुणाकडे होते?

छे. हा विचार मनात आला तसा त्यांनी खोडला, पण खोडलेलं वाचता येतंच. केतकी त्यांना गावोगावच्या चर्चमधल्या पुस्तक-विक्रीला गाडीतून घेऊन जाते, तिथल्या बायकांशी त्यांच्या वतीने बोलते, पुस्तकाला हात लावण्याआधी स्वतःहून हात धुते. या घरात त्यांच्याशी उगाच, काही काम नसताना बोलणारी ती एकटीच. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे राहायचं कुठे, आणि कुणाशी?

पण सकाळी जिन्यावर – नाना मोजे घालून उतरत होते, मोज्यांचा आवाज होत नाही हा काही त्यांचा दोष नव्हे – स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. फोनवर होती. "नाही, नानांच्या नाही अजून लक्षात आलेलं… हो, सांगायला तर लागेलच. पण कसं सांगायचं हे मला कळत नाहीये." ते मधल्या पायरीवर उभे राहिले, कठड्याला धरून. पुढे किटलीचा आवाज वाढला आणि काही ऐकू आलं नाही. मग ते मुद्दाम खोकून उरलेल्या पायऱ्या उतरले, आणि तिने फोन ठेवून विचारलं, "चहा ना, नाना?" अगदी नेहमीच्या आवाजात. फार नेहमीच्या.

गिरीश टोस्ट खात होता. त्याला हॉस्पिटलला निघायचं होतं. मान वर न करता म्हणाला, "नाना, आज वार कोणता?"

"शनिवार. कॅलेंडर तुझ्या मागेच आहे."

"सहज विचारलं हो."

"मग तुला माहीत नसेल म्हणून सांगितलं."

केतकी हसली. गिरीशही हसला, पण हसताना त्याने त्यांच्याकडे पाहिलं ते एक क्षणभर जास्तच. हा प्रश्न हल्ली असा मधूनच येतो. कधी वार, कधी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव, कधी "परवा आपण कुठे गेलो होतो हो, मी विसरलोच." डॉक्टर मुलगा बापाला सहज असं काही विचारत नाही. म्हणूनच खाली जाऊन 'माझं चित्र कुणीतरी बदललंय' असं म्हणणं शक्य नव्हतं. हे वाक्य त्यांनी मनात अनेक तऱ्हांनी म्हणून पाहिलं – विनोदाने, रागाने, जाता जाता – पण ऐकणाऱ्याच्या बाजूने ते प्रत्येक वेळी एकच ऐकू येत होतं.

नंदिनी शेवटच्या वर्षी म्हणायची, हा माझा पोळपाट नाही. कुणीतरी बदललाय. पोळी लाटता लाटता हात थांबायचा, आणि ती बोटाने पोळपाटाची कड चाचपत राहायची. गिरीश व्हिडिओ कॉलवर असला की फार मऊ आवाजात म्हणायचा, "असेल हं आई, आपण शोधू तुझा." आणि मग माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलायचा. मी मान हलवायचो. पण मी तो पोळपाट एकदाही उलटा करून पाहिला नाही. कशाला पाहायचा, तोच तर होता… तोच होता का? चाळीस वर्षं त्याच्यावर पोळ्या लाटणारी बाई म्हणत होती की नाही, आणि ज्याने कधी एक पोळी लाटली नाही तो म्हणत होता की हो.

नानांनी पुस्तकाच्या कडेला बोट फिरवलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

खरं खोटं करायचा एक मार्ग होता. साधाच. त्या काळची छापील रंगीत चित्रं भिंगाखाली धरली की बारीक ठिपक्यांची होतात, आणि ते ठिपके ओळीत असतात, पेरलेल्या शेतासारखे. आजच्या प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत ते विस्कटलेले, भिंतीवर उडालेल्या रंगाच्या शिंतोड्यांसारखे. पूर्वी नाना रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या हे सांगत. आता डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग आहे, आणि नेमकं जिथे पाहावं तिथेच तो येऊन बसतो. सकाळपासून भिंग धरून धरून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ठिपके ओळीतही होते आणि विस्कटलेलेही. दुसऱ्याचे डोळे हवे होते. म्हणजे विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी आधी कुणावर तरी विश्वास ठेवायला हवा होता.

नातीला विचारावं असं ठरवून ते दुपारी खाली गेले. शर्वाणी दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होती, खांद्यावर कॅमोगीची, हॉकीसारख्या इथल्या खेळाची, काठी.

"शर्वाणी, तुझे डोळे जरा उसने देतेस?"

"कान्ट, आजोबा, आय हॅव कॅमोगी," ती म्हणाली. "आफ्टर?"

"नंतर उजेड जाईल गं."

"टर्न ऑन अ लाइट, सो," ती म्हणाली, त्यांच्या गालाला गाल लावला आणि गेली. दार लागलं. घरात केतकी आणि ते.

पुन्हा वर जाऊन ते खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या त्यांना युक्ती सुचली. सुचली तशी थोडी लाजही वाटली, कारण ती चांगली होती. केतकीलाच विचारायचं. पण का, ते सांगायचं नाही. ठिपके ओळीत की विस्कटलेले, एवढंच. कुठल्या उत्तराचा अर्थ काय हे तिला माहीत नाही. मग ती खोटं बोलणार कुठलं? हवामान विचारावं तसं विचारायचं. त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं, शेवटच्या शब्दावर आवाज वर जातो तो खाली आणला.

खाली ती भाजणी मळत होती. कांदा आणि कोथिंबिरीचा वास.

"केतकी, हातातलं झालं की जरा वर येतेस? एक बघायचंय."

"आलेच. आणि हात धुते हो, सांगू नका."

ती आली, टॉवेलला हात दोनदा पुसून, आणि टेबलाशी वाकली. नानांनी दिवा जवळ ओढला, भिंग तिच्या हातात दिलं.

"दासीच्या गालावर धर. ठिपके दिसतील. ओळीत आहेत की विस्कटलेले, तेवढं सांग."

"एवढंच?"

"एवढंच."

ती पाहत राहिली. तिच्या केसांत पिठाचा एक कण होता. नाना तिच्या पापण्यांकडे पाहत होते – हलतात का, थांबतात का – आणि आपण या मुलीच्या चेहऱ्यावर शिवण शोधतोय हे त्यांना कळत होतं, तरी नजर हटत नव्हती. खाली कुठेतरी हीटिंग सुरू झाल्याचा आवाज आला, भिंतीतली नळी कुरकुरली.

"ओळीत," केतकी म्हणाली. "अगदी शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे."

अस्सल. तीच दासी, तीच मान, पारदर्शक कागद दुसऱ्या कुठल्या चित्राचा असेल, बाइंडरने अदलाबदल केली असेल, किती साधं, सकाळपासून किती साधं होतं – आणि ही पोर, हिच्यावर आपण –

"म्हणजे अस्सल आहे ना," भिंगातून नजर न काढता ती सहज म्हणाली. "विस्कटलेले असते तर हल्लीच्या प्रिंटरचं. मला पक्कं लक्षात आहे. तुम्हीच नाही का शिकवलंत, वादळात लाइट गेले होते तेव्हा? आपण टॉर्च लावून सगळी चित्रं बघितली होती, हे पण."

वादळ त्यांना आठवत होतं. समोरच्यांचं कुंपण आडवं झालेलं, फ्रिजमधलं दूध बाहेर अंगणात ठेवलेलं, गिरीश हॉस्पिटलातच अडकलेला. टॉर्च… टॉर्च नाही. टॉर्चच्या जागी काहीच नव्हतं, काळोखही नव्हता. एक प्रसंग दुसऱ्याला नीट चिकटवलेला होता आणि मध्ये सांधासुद्धा दिसत नव्हता. म्हणजे तिला माहीत होतं. उत्तर देताना तिला कुठलं उत्तर कशाचं हे माहीत होतं. किंवा मी तिला शिकवलं होतं, आणि ती खरं सांगत होती, आणि ते चित्र खरं होतं, आणि…

"हो," नाना म्हणाले. "शिकवलं होतं की."

आणि एवढ्यावर थांबायचं, तर ते पुरेसं वाटेना, म्हणून ते पुढे म्हणाले, "शर्वाणी टॉर्च सारखा हलवत होती. मी रागावलो होतो तिला."

"शर्वाणी?" केतकी म्हणाली. "ती त्या रात्री घरी कुठे होती?"

तिने भिंग हळूच टेबलावर ठेवलं. मग ती सरळ उभी राहिली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. त्या पाहण्यात आरोप नव्हता. होती फक्त बारकाई, एखादी रोजची वस्तू हातात घ्यावी आणि तिच्यात नेमकं काय बदललंय ते सापडू नये, तशी. नाना ही नजर आतून ओळखत होते. दिव्याची उष्णता गालाला लागत होती. त्या नजरेखाली आपण नेहमीसारखे दिसायला हवं, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि नेहमी आपला चेहरा कसा असतो ते आठवायला लागले.